गाडीच्या टपावरचे भोंगे

शनिवार, ११ जानेवारी २०२५ रोजी मुकुंद शेवडे याने कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून सोळा हजार आठशे पन्नास रुपयांचा अॅम्प्लिफायर विकत घेतला. संध्याकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये बसून त्याने तो गाडीच्या डिकीतल्या दोन बारा इंची स्पीकरांना जोडला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी तो कसा वाजतो हे बघायला मुकुंद गाडीत बसला, काचा वर केल्या, इंजिन चालू ठेवलं आणि आवाज चढवला. त्याच वेळी त्याची एकोणऐंशी वर्षांची आई, सुचित्राबाई, जिना उतरून, गाडीच्या मागून चालत फाटकाबाहेर गेली.

दरवानाने तिला जाताना पाहिलं होतं. समोरच्या फुलवाल्याकडे निघाली असेल असं त्याला वाटलं. मुकुंदची मान त्या वेळी खाली होती. बेसचा ठोका पडला की व्होल्टेज किती उतरतं, ते तो मीटरवर बघत होता.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. बालीगंजमधल्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि माझं. मी बदलीवर आलेला, सरकारी कंपनीच्या हिशेब विभागातला, ते इथलेच. मुकुंदचे वडील कस्टमच्या नोकरीत कोलकात्याला आले, जबलपूरच्या मराठी घरातली मुलगी करून आणली आणि इथेच राहिले. मुकुंदचा जन्म इथला, शाळा इथली, नोकरी खिदिरपूरच्या एका क्लिअरिंग एजंटाकडे. जहाजातून उतरलेला माल सोडवून घ्यायचे कागद तयार करणं हे त्याचं काम. वय बावन्न. बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. घरात तो, आई आणि कॉलेजात शिकणारी मुलगी आभा.

व्यसन एकही नाही. छंद हा एकच, गाडीतला आवाज. गाडी छोटी, जुनी, पण आत शिरलं की सिनेमागृहात बसल्यासारखं वाटायचं. इमारतीत त्याची टिंगल होत असे. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ जिन्यात भेटले की म्हणायचे, "मुकुंदबाबू, यंदा पूजेला बँड सांगायला नको, तुमची गाडी मंडपाबाहेर उभी करू." मुकुंद हसायचा. मी एकदा सरळ विचारलं होतं, एवढा पैसा यात कशाला घालतोस? तो म्हणाला, "भागवतसाहेब, आईला ऐकू येत नाही. घरात दिवसभर ओरडून बोलायचं. एक गोष्ट पाच वेळा सांगायची. मग वाटतं, तासभर असं काहीतरी ऐकावं जे मला काही विचारणार नाही."

सुचित्राबाईंचा डावा कान पूर्ण गेला होता, उजव्याला मोठ्याने बोललेलं कळायचं. कानाचं यंत्र त्या काढून पिठाच्या डब्यात ठेवत. दोन वर्षांपासून विसरणंही सुरू झालं होतं. जे शेवटी शिकल्या ते आधी गेलं. प्रथम बंगाली गेली, मग हिंदी. पन्नास-पंचावन्न वर्षं ज्या बाजारात भाजी घेतली तिथे त्या मराठीत भाव विचारू लागल्या. मधुमेह होता, गोळ्या दोन वेळच्या. अशी बाई जानेवारीच्या थंडीत, अंगावर नुसती शाल घेऊन, कोलकात्यात हरवली.

फुलवाला म्हणाला, माशीमा, म्हणजे मावशी, स्टेशनच्या जिन्याकडे गेल्या. बालीगंज स्टेशनवर जाऊन पाहिलं तर पाय ठेवायला जागा नव्हती. संक्रांत दोन दिवसांवर आलेली. गंगासागरच्या यात्रेला जाणारी माणसं गाठोडी, ब्लँकेटं, डब्यांसकट लोकलमध्ये चढत होती. त्यात निम्म्या म्हाताऱ्या बायका, शाली पांघरलेल्या. त्या गर्दीत आणखी एक म्हातारी कोणाच्या नजरेत भरणार?

पोलीस ठाण्यात दुय्यम अधिकाऱ्याने तक्रार नोंदवून घेतली. माणूस सभ्य होता, पण दमलेला होता.

"दादा, या दिवसांत रोज कितीतरी म्हाताऱ्या हरवतात," तो म्हणाला. "बऱ्याचशा सापडतात. स्वतःचं नाव-गाव सांगतात, मग आम्ही पोचवतो. तुमच्या आई नाव सांगतील ना?"

"सांगेल," मुकुंद म्हणाला. "पण बंगाली येत नाही आता तिला."

"नाव सांगायला बंगाली कशाला लागतं?"

रविवारचा दिवस पायी फिरण्यात गेला. बालीगंज, गरियाहाट, कसबा. आभाने आजीचा फोटो फोनवरून सगळीकडे पाठवला. रात्री ती म्हणाली, "बाबा, माइकिंग करायला हवं." इथे माणूस हरवलं की रिक्षावर भोंगा बांधून गल्लीगल्लीतून नाव पुकारत फिरतात, त्याला माइकिंग म्हणतात. "आजी लोकांना बघून लपून बसते. पण मोठा आवाज ऐकलं तर बाहेर येईल."

"ऐकला," मुकुंद सवयीने म्हणाला. "आवाज ऐकला."

"व्याकरण नंतर, बाबा!"

रिक्षा कशाला, आपल्याकडे गाडी आहे की, असं मुकुंदला वाटलं. हजार वॉटचा अॅम्प्लिफायर होता. सोमवारी सकाळी पोलिसांची परवानगी घेतली, आभाने फोनवर बंगालीत आणि हिंदीत निवेदन रेकॉर्ड करून दिलं: सुचित्रा शेवडे, वय एकोणऐंशी, अंगावर हिरवी साडी, तपकिरी शाल. मी रजा टाकली आणि त्याच्या शेजारी बसलो. आभा घरी फोनपाशी थांबली.

पहिल्याच गल्लीत लक्षात आलं की आवाज दणकट आहे, पण शब्द कळत नाहीत. ते स्पीकर ढोल वाजवायला केलेले. माणसाचं बोलणं त्यातून पिंपात तोंड घालून बोलल्यासारखं येत होतं. मुकुंदने आवाज आणखी चढवला. चारही काचा खाली, गाडी पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने. "सुचित्रा" म्हटलं की डॅशबोर्डचे दिवे मंदावत, "शेवडे" म्हटलं की पुन्हा मंदावत.

"मीटर वाचा, साहेब," तो म्हणाला.

"तेरा."

थोड्या वेळाने मी म्हटलं, "बारा पूर्णांक चार."

"गाडी पळत नाही ना, म्हणून," तो म्हणाला. त्याची नजर फुटपाथवर होती, एकेका म्हातारीच्या तोंडावर. "तुम्हाला तुमच्या भाषेत सांगतो. इंजिनावर जो आल्टरनेटर आहे तो म्हणजे पगार. गाडी जोरात पळाली तर पगार पूर्ण येतो. गाडी अशी रांगत असली की अर्धा पगार. आणि हा अॅम्प्लिफायर खर्चिक. जेवढं कमी पडेल तेवढं तो बॅटरीतून उचलतो."

"म्हणजे शिलकीतून."

"शिलकीतून. आणि शिलक संपली की गाडी सुरूही होत नाही. मला माहीत आहे हे सगळं. दहा जणांना समजावलंय मी."

"मग आवाज कमी कर."

"तिला ऐकू कसं येणार?"

मी पुन्हा मीटरकडे बघितलं.

दुपारी आम्ही सियालदहजवळ पोचलो. तिथे यात्रेकरूंच्या बसेस सोडण्यासाठी पोलिसांनी सगळी वाहनं अडवून ठेवली होती. गाडी हलेना. हवालदाराने येऊन सांगितलं, इंजिन बंद करा, वेळ लागेल. मुकुंदने इंजिन बंद केलं. निवेदन मात्र चालू ठेवलं, कारण समोरच स्टेशनचं दार होतं आणि त्यातून बायकांचे लोंढे बाहेर पडत होते. मी मीटर वाचत राहिलो. बारा. अकरा पूर्णांक सहा. मग अॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागला आणि आभाचा आवाज "शे" वर तुटला. मुकुंदने किल्ली फिरवली. टक् असा एक आवाज झाला. पुन्हा फिरवली. तो टक् आवाजही आला नाही.

मागच्या बसवाल्याने हॉर्न लावून धरला. "ओ दादा! गाडीत डीजे लावता आणि बॅटरी ठेवत नाही?" लोक हसले. चौघांनी मिळून गाडी कडेला ढकलली. ढकलत असतानाच आभाचा फोन आला.

जादवपूर स्टेशनवर झालमुडी, म्हणजे इथली भेळ, विकणाऱ्या एकाने फोटो ओळखला होता. आजी तिथे फलाटावर होती. त्याने बसवून ठेवलं होतं, पण ती ऐकत नव्हती. "बाबा, पटकन जा! तो म्हणतो जास्त वेळ नाही धरून ठेवणार."

गाडी चालू असती तर हवालदाराच्या हातापाया पडून, उलट बाजूने का होईना, आम्ही निघालो असतो. टॅक्सी त्या कोंडीत हलत नव्हती. आम्ही धावत स्टेशनात गेलो, लोकल पकडली, डब्यात दाराशी लटकत जादवपूरला उतरलो. झालमुडीवाला आम्हाला बघताच उठून उभा राहिला. त्याचा चेहरा बघून मला कळलं.

"मी हात धरला होता," तो म्हणाला. "झटकून टाकला. दक्षिणेकडची गाडी आली, त्यात चढली. मी दुकान सोडून कसा जाणार? थोडं आधी आला असता तर..."

मुकुंद फलाटावरच्या बाकावर बसला. समोरून दोन गाड्या गेल्या. मी पाण्याची बाटली आणली, ती त्याने हातात धरून ठेवली, उघडली नाही.

"साहेब," तो म्हणाला, "ती माझ्या गाडीच्या मागून गेली. काचा वर होत्या."

"असू दे आता."

"तिनं मला हाक मारली असेल तर?"

मी म्हटलं, दरवान तसं काही म्हणाला नाही. तो म्हणाला, दरवानाला तरी माझ्या गाडीच्या आवाजात काय ऐकू आलं असेल? मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शेजारी बसलेली यात्रेकरू बाई उठून थोडी लांब जाऊन बसली.

त्या संध्याकाळी गाडी ओढून आणली. रात्री त्याने काय केलं ते मला माहीत नाही. मंगळवारी उजाडताना पार्किंगमध्ये ठोकाठोकी ऐकू आली म्हणून खाली गेलो. डिकीतले दोन्ही मोठे स्पीकर त्याने उपटून बाहेर ठेवले होते. नवा अॅम्प्लिफायर भिंतीशी पालथा पडला होता. गाडीच्या टपावर, माइकवाल्याकडून भाड्याने आणलेले दोन पत्र्याचे भोंगे दोरीने बांधलेले, एक पुढे तोंड करून, एक मागे.

"एवढंसं?" मी म्हटलं.

"पन्नास वॉट," तो म्हणाला. "हजार वॉटमध्ये जे झालं नाही ते यात होईल. भोंगा थोड्या विजेत लांब ओरडतो. बोलायला बेस लागतच नाही. हे मला काल सुचायला हवं होतं. काल मी..." त्याने वाक्य सोडून दिलं. "जरा हात लावा."

घरातल्या इन्व्हर्टरची मोठी बॅटरी, गच्चीतली, चौघांनी धरून खाली आणली. ती डिकीत ठेवून पट्ट्याने आवळून बांधली. भोंग्यांचा अॅम्प्लिफायर त्याने फक्त तिला जोडला. गाडीच्या बॅटरीला, गाडीच्या तारांना हात लावला नाही. तार आखूड आणि जाड घेतली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घातला, आणि डिकीचं झाकण पूर्ण न लावता फटीत लाकडाचा तुकडा अडकवला, कारण अशा बॅटरीतून वायू निघतो.

"आता गाडीचा संसार वेगळा, भोंग्यांचा वेगळा," तो मला म्हणाला. "दिवसभर ओरडलं तरी ही निम्मी उरेल. रात्री घरी नेऊन चार्ज करायची. गाडी कितीही वेळ उभी राहिली तरी किल्ली फिरवली की सुरू होईल."

इमारतीतले चार-पाच लोक बघत उभे होते. त्या दिवशी टिंगल कोणी केली नाही. वरच्या मजल्यावरचे ते गृहस्थ बॅटरी उचलायला होते, त्यांच्या धोतराला आम्लाचा डाग पडला, तरी त्यांनी हात सोडला नाही.

त्या दिवशी संक्रांत होती. जादवपूर, बाघाजतीन, गरिया. आवाज स्वच्छ होता, प्रत्येक अक्षर कळत होतं; लोक खिडक्यांतून, दुकानांतून माना बाहेर काढून ऐकत. काही जण थांबवून विचारत, फोटो बघत, मान हलवत. आभा मागच्या सीटवर बसून फोन घेत होती. दोन फोन खोटे निघाले. एक बाई म्हणाली, असल्या म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडतात का? मुकुंदने तिला नमस्कार केला आणि गाडी पुढे घेतली. अंधार पडेपर्यंत आम्ही सोनारपूरला पोचलो. काही मिळालं नाही. थंडी वाढली होती. गोळ्यांशिवाय आईचा तिसरा दिवस संपत होता.

परतीच्या वाटेवर मुकुंदने जबलपूरला शंतनुमामाला फोन लावला. हे सुचित्राबाईंचे धाकटे भाऊ, पंचाहत्तरीचे, हृदयाचे रुग्ण. म्हणून त्यांना आतापर्यंत कळवलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता. मामा आधी रडले, मग रागावले, मग एकेक विचारू लागले.

"पुकारताय काय तुम्ही?"

"नाव, वय, साडीचा रंग."

"नाव काय?"

"काय म्हणजे? सुचित्रा शेवडे."

"सुचित्रा?" मामांनी विचारलं.

"अरे मुकुंदा," ते म्हणाले, "ते तुझ्या वडिलांनी ठेवलेलं नाव. लग्नात. आमच्याकडे ती विमल. विमल तुझ्या वडिलांना चाललं नाही, कारण कोलकात्यात बिमल हे पुरुषाचं नाव, लोक हसतील म्हणाले. म्हणून तांदळात सुचित्रा लिहिलं. गेल्या महिन्यात मी फोनवर तिला ताई म्हटलं, तर म्हणते, ताई कोण? मी विमू. तिच्या डोक्यात आता लग्नच झालेलं नाही, रे. तू कोणाला हाका मारतोयस?"

मुकुंदने गाडी कडेला घेतली. ही गोष्ट त्याला माहीत नव्हती असं नाही. आईचं माहेरचं नाव कोणत्या मुलाला माहीत नसतं? पण ते लग्नाच्या दिवशी मागे पडलेलं नाव होतं, घरात कोणी कधी उच्चारलं नव्हतं. पोलिसांत, फोटोखाली, भोंग्यावर, तीन दिवस आम्ही सगळ्यांनी एकच नाव सांगितलं होतं.

"आजी ठाण्यात नाव सांगेल म्हणालास तू," आभा मागून हळूच म्हणाली. "सांगितला असेल, बाबा. दुसरा सांगितला असेल."

मुकुंदने तिची चूक सुधारली नाही.

"मामा," तो म्हणाला, "तुम्ही हाक मारा. आत्ता. मी रेकॉर्ड करतो. लहानपणी मारायचात तशी."

मामांनी घसा साफ केला. पहिल्यांदा आवाज फुटला. दुसऱ्यांदा त्यांनी जी हाक मारली ती अंगणातून मागच्या बोळात मारावी तशी होती, लांब, चढत जाणारी: "विमूऽऽ! ए विमे! घरी चल! अण्णा जेवायचे थांबलेत!" अण्णा म्हणजे या भावंडांचे वडील.

बुधवारी सकाळी गाडी सोनारपूरच्या पुढे बारुईपूरकडे निघाली. आभाने नवं निवेदन केलं होतं: या आजींचं नाव सुचित्रा, पण त्या स्वतःचं नाव विमल सांगतील. त्यामागून मामांची हाक. बंगालीत ते बिमलच ऐकू येणार होतं, आणि तसंच झालं. एका कोपऱ्यावर सायकलवरचा माणूस गाडीला आडवा आला. "मी बिमल. काय झालं?" पुढच्या चौकात आणखी एक बिमल, माशांच्या दुकानातून, हातात सुरी घेऊन. "कोण म्हातारी माझं नाव घेऊन हरवली?" शेजारचे हसू लागले. "तुझी सासू असेल!" आभा हसली. रविवारनंतर मी तिला प्रथमच हसताना बघत होतो. मुकुंदच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. गाडी तशीच रांगत होती, मामा तसेच हाक मारत होते.

बारुईपूर स्टेशनजवळ पेरूच्या टोपल्यांचा बाजार भरतो. तिथे वाट अरुंद, गाडी उभीच राहिली. मुकुंदने इंजिन बंद केलं. भोंगे चालू होते. मी नकळत मीटरकडे बघितलं. तो आकडा हललेला नव्हता.

चहाच्या टपरीवरून एक मध्यमवयाची बाई, ओले हात पदराला पुसत, धावत आली. तिचं नाव मिनती नस्कर. तिने खिडकीत वाकून विचारलं, "बिमल कोण आहे तुमच्यात?"

"आमची आजी," आभा म्हणाली.

"आजी?" तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, ती बसलीय ना माझ्याकडे सोमवारपासून! विचारलं, माशीमा नाव काय, तर म्हणते बिमल, बिमल. आम्हाला वाटलं मुलाचं नाव सांगते. या पाड्यातले सगळे बिमल आणून तिच्यासमोर उभे केले! एकेकाला बघते आणि मान फिरवते. क्लबच्या मुलांनी तर शेजारच्या गावातून एक बिमल आणला."

मुकुंद गाडीतून उतरला होता. पण तो टपरीपर्यंत पोचायच्या आधी टपरीमागचा ताडपत्रीचा पडदा हलला. आतून सुचित्राबाई बाहेर आल्या. अंगावर मिनतीची गोधडी, पायात कोणाच्या तरी पुरुषी चपला. त्या भिंतीला हात लावत, खोकत, सरळ गाडीकडे आल्या आणि टपावरच्या भोंग्याकडे मान वर करून कावल्या,

"येते की! एवढं ओरडायला काय झालं, शंतन्या?"

आभाने त्यांना मिठी मारली. त्या मिठीत ताठ उभ्या राहिल्या. मुकुंद समोर उभा होता. "आई," तो म्हणाला. मग मोठ्याने, उजव्या कानाशी वाकून, "आई!"

त्यांनी त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं, पदर सावरून बघितलं. मग त्या आभाला म्हणाल्या, "हे कोण गं? अण्णांनी गाडी पाठवली का?"

भोंग्यावर मामांची हाक फिरून आली आणि मुकुंदने आत हात घालून ती बंद केली.

"हो," तो म्हणाला. "अण्णांनीच पाठवलीय. चला, विमलताई."

त्यांनी मागचं दार उघडू दिलं आणि त्या आत बसल्या.

तिथून सरळ इस्पितळात नेलं. रक्तातली साखर चारशेवर गेली होती, छातीत न्यूमोनिया धरला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र औषधाविना गेली असती तर हाती लागल्या नसत्या. अकरा दिवसांनी घरी सोडलं. तेव्हापासून त्या घरी आहेत. दाराला आत वरच्या बाजूला दुसरी कडी बसवली आहे. त्या मुकुंदला अण्णांच्या ओळखीचा कोणी सभ्य माणूस समजतात, त्याच्यासमोर पाय पोटाशी घेऊन बसतात, त्याच्या हातून गोळ्या घेतात. आई म्हटलं तर ओ देत नाहीत. विमलताई म्हटलं की लगेच वळून बघतात. तो आता तीच हाक मारतो. जिन्यातून जाताना मला ती ऐकू येते.

एकदा मी म्हटलं, सापडली हे काय कमी आहे? तो म्हणाला, "सापडली ती मामांची बहीण, साहेब. मी जिला शोधत होतो ती आई अजून फाटकाबाहेरच आहे."

फेब्रुवारीत तो मिनतीकडे साडी आणि मिठाई घेऊन गेला. साडी तिने घेतली, जेवणाखाण्याचे पैसे घ्यायला मात्र साफ नकार दिला. माशीमा माझ्या घरी जेवली, म्हणाली, त्याचे कसले पैसे? फक्त तापाच्या गोळ्या आणि खोकल्याचं औषध तिने शेजारच्या दुकानातून उधारीवर आणलं होतं, ते एकशे चौतीस रुपये दुकानदार तिच्याकडे मागत होता, तेवढे द्या म्हणाली. मुकुंदकडे पाचशेची नोट होती, वरचे पैसे ती ठेवून घेईना, तिच्याकडे सुटे नव्हते, फोनवर पैसे घ्यायची सोय नव्हती आणि औषधाचं दुकान त्या दिवशी बंद होतं. पुढच्या वेळी देतो, असं सांगून तो आला. त्यानंतर आईला सोडून त्याला बारुईपूरला जाता आलेलं नाही.

एकशे चौतीस रुपये अजून द्यायचे आहेत.